दुपारची बाग

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली आणि सुशीलाबाई आत आल्या, तेव्हा कौस्तुभ मोबाइलवर स्वतःच्याच फुलांचा फोटो बघत होता. ऑफिसला निघायची वेळ, खांद्याला बॅग, आणि बागवाल्यांच्या ग्रुपवर आदल्या संध्याकाळी टाकलेल्या त्या फोटोखाली अजून शाबासक्या येतच होत्या. एप्रिल अर्धा सरला, हैदराबादेतली गच्ची, आणि थंड मुलखातला निळा लार्कस्पर! सुशीलाबाईंनी मान तिरकी करून स्क्रीनवर नजर टाकली. "हौ, हे वरचं निळं ना?" त्या म्हणाल्या. "लई छान राखलं बघा. माझा पुदिना जळून खाक. कालच तुमच्या मिसेसला म्हटलं, एवढी मोठी चादर बांधतेस तर एक कोना माझ्या पुदिन्यावर पण ओढ की गं. ओढला बिचारीनं." कौस्तुभ सवयीनं हसला. मग त्यानं विचारलं, "काल?" "हौ, दुपारी. मी पापड टाकले होते नं वाळायला." लिफ्ट तळमजल्याला टेकली, दार उघडलं, आणि बाहेर पाऊल टाकता टाकता सुशीलाबाई जरा थांबल्या. "तब्येत बरी आहे नं तिची? रोजच वर दिसते आता दुपारची, म्हणून विचारलं. तुम्ही उगं परेशान नका होऊ."

काल बुधवार होता. बुधवारी दुपारी सायली गच्चीबावलीत असायला हवी होती, तिच्या कंपनीच्या नवव्या मजल्यावर, जिथल्या काचेतून म्हणे सगळं शहर पिवळं दिसतं. जेएनटीयूच्या चौकात नेहमीप्रमाणे गाड्या अडकल्या होत्या. कौस्तुभ स्टीअरिंगवर बोटं वाजवत बसला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्या मनात पहिला प्रश्न आला आहे तो चादरीचा. कुठली चादर? कशाला बांधली? वर हिरवी जाळी होती की. बायको कामाच्या दिवशी दुपारी घरी का, हा प्रश्न दुसरा आला, आणि तो आला तेव्हाही भीतीसारखा आला नाही. एखाद्या ओळखीच्या यंत्रातून अनोळखी आवाज यावा आणि माणसानं कान द्यावा, तसं त्याला झालं. काल जेवताना त्यानं विचारलं होतं, "कसा होता दिवस?" ती म्हणाली होती, "शांत." त्यानं मान हलवून पुढचा घास घेतला होता. शांत. तिच्या ऑफिसात शांत दिवस असतो कधी?

बाग त्याची होती. म्हणजे हौस त्याची, माती त्याची, थर्मामीटरही त्याचं. कंपनीच्या कामावर तो वर्षभर इंग्लंडात होता, एका लहान गावात, एका म्हाताऱ्या बाईच्या घरात वरची खोली भाड्यानं घेऊन. त्या बाईच्या दारापुढे फुलांची नुसती गर्दी होती. रांगा नाहीत, वाफे नाहीत, उंच हॉलिहॉकच्या पायाशी लार्कस्पर, लार्कस्परच्या अंगावर रेललेला कॉर्नफ्लॉवर, मधूनच कुणीही न लावलेलं काहीतरी. फाटकापासून दारापर्यंतच्या तेवढ्या वाटेवर कौस्तुभच्या डोक्यातले विचार थांबायचे. असं दुसरीकडे कुठेही होत नसे. कुकटपल्लीला घरी परतल्यावर त्यानं ती वाट गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, ग्रो बॅगांमध्ये उभी करायचं ठरवलं. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर अवेळी पाऊस आला आणि रोपं गळ्याशी कुजली. दुसऱ्या वर्षी थंडी आलीच नाही. संक्रांतीला स्वीट पीच्या वेलांना कळ्या धरल्या आणि फेब्रुवारीतल्या एका गरम वाऱ्यात त्या कागदासारख्या वाजायला लागल्या. तिसऱ्या वर्षी त्यानं हे काम ऑफिसच्या कामासारखं हातात घेतलं. पेरणी पुढे ढकलली, नारळाच्या काथ्याचा जाड थर दिला, पहाटेच्या ठिबकला टायमर लावला, जाळी दाट केली, आणि तापमानाची नोंद ठेवणारं एक यंत्र मातीत खुपसलं. आणि बाग जगली. शहरातल्या बाकीच्या गच्च्या मार्च संपता संपता गुलबाक्षी आणि सदाफुलीवर आल्या, पण त्याच्याकडे निळे तुरे उभे होते. ग्रुपनं त्याला रविवारी ऑनलाइन बोलायला सांगितलं होतं. विषय त्यानंच सुचवला होता, 'ऊन समजून घेताना'.

त्या संध्याकाळी तो घरात न जाता थेट गच्चीवर गेला. भिंती अजून तापलेल्या होत्या, हात लावला की चटका. खाली रस्त्यावर मिरचीभज्यांच्या गाडीचा वास, वर विमानाचा लाल दिवा. नेहमी तो फुलं बघायचा, यंत्रावरचे आकडे बघायचा आणि उतरायचा. आज त्यानं जमीन बघितली. टाकीच्या पाइपाला सुतळीचा तुकडा होता, घट्ट गाठीचा, आणि गाठीखाली पाइपावरची धूळ पुसली गेली होती. पश्चिमेच्या कठड्याला कपड्यांचे चार चिमटे एकाच जागी लावलेले. टाकीच्या भिंतीला टेकून कुणी बसावं अशी एक जागा, तेवढीच स्वच्छ, आणि तिच्याशेजारी वाळून कडक झालेली संत्र्याची साल. मग जाळी असताना चादर कशाला, हे कोडं त्याला सुटलं. जाळी डोक्यावर होती. तीननंतरचं ऊन दोन इमारतींच्या फटीतून तिच्या खालून आडवं घुसत असणार, थेट रोपांच्या पायाशी. हे त्याला माहीतच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी त्या वेळी तो एसी लावून झोपलेला असायचा, आणि सायली 'कपडे काढून आणते' म्हणून वर जायची. किती वेळ लागायचा तिला? त्यानं कधी बघितलं नव्हतं. बागेला सावली कुणीतरी धरली होती. रविवारी जे बोलायचं होतं त्यातलं निम्मं खोटं निघालं, आणि नवल म्हणजे त्याला राग आला नाही. त्याला जाणून घ्यावंसं वाटत होतं.

घरात सायली भेंडी चिरत होती. ऑफिसचा कुर्ता अंगात, केस वर बांधलेले, बोटं भरभर चाललेली. तिच्या मानेवर, कुर्त्याच्या गळ्याच्या वर, उन्हाचा एक पट्टा होता. तो आजच आला होता की महिन्याभरापासून तिथे होता? विचारायला तोंड उघडावं आणि विचारू नये, असं त्याचं दोनदा झालं. विचारलं की उत्तर येईल, आणि उत्तर आलं की आपण त्याचं काहीतरी करायला घेऊ, हे त्याला तिथे ओट्याला टेकून उभं असताना लख्ख दिसलं, कारण हे पूर्वी झालं होतं. मूल होत नव्हतं त्या वर्षांत दवाखान्याच्या वाऱ्या, तपासण्या, तारखा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत, सगळं त्यानं डोक्यावर घेतलं होतं. सायलीला फक्त जायचं असे, झोपायचं असे, हात पुढे करायचा असे. आणि एका संध्याकाळी पंजागुट्ट्याच्या दवाखान्याबाहेर, गाडीचं दार उघडं धरून, ती म्हणाली होती, "मला आता नको आहे." तो म्हणाला होता, "ठीक आहे, मग आपण दत्तकचं बघू, मी माहिती काढलीय." ती गाडीत बसली होती आणि तारनाक्याला मैत्रिणीकडे सोड म्हणाली होती. रस्ताभर दोघं ट्रॅफिकबद्दल बोलले. त्याला तेव्हा वाटलं होतं, किती समजूतदारपणे निभावलं आपण.

"भेंडी मस्त झालीय," तो जेवताना म्हणाला. सायलीनं मान वर करून त्याच्याकडे क्षणभर जरा जास्तच बघितलं.

शुक्रवारी तो नेहमीसारखा निघाला, ऑफिसात पोचला, दोन मीटिंग केल्या, तिसऱ्या मीटिंगला डोकं दुखतंय म्हणाला आणि उन्हात परत निघाला. या वेळचं शहर त्याला ओळखीचं नव्हतं. दुकानांची शटरं अर्धी ओढलेली, बसस्टॉपवर माणसं तापल्या पत्र्याखाली नव्हे, जाहिरातीच्या खांबाच्या अरुंद सावलीत एकामागे एक उभी, आणि भर रस्त्यात एक कुत्रा ट्रॅफिक पोलिसाच्या छत्रीखाली झोपलेला. आपल्याच इमारतीच्या जिन्यानं वर चढताना त्याला पाहुणा असल्यासारखं वाटलं. वॉचमन म्हणाला, "क्या सर, आज जल्दी?" आणि तो हात हलवून वर चढत राहिला.

गच्चीचं दार लोटलेलं होतं. टाकीमागे, पाइपापासून कठड्यापर्यंत, त्यांचीच जुनी डबलबेडची चादर ताणलेली होती, धुऊन धुऊन वरचे छापील पोपट फिके झालेली. तिच्याखाली भिंतीला टेकून, पाय पसरून सायली बसली होती. हातात पुस्तक नाही, मोबाइल नाही, कानात काही नाही. त्याला धक्का बसला तो याचा. ती नुसती बसली होती. लग्नाच्या चौदा वर्षांत त्यानं तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. किंवा ती बसलीही असेल, आणि आपण आल्याबरोबर उठत असेल.

"आलास," ती म्हणाली. उठली नाही. "सुशीलाकाकूंनी सांगितलं ना?"

"हो."

"मला कालच वाटलं. भेंडीचं कौतुक केलंस तेव्हा."

तो वाकून चादरीखाली शिरला. आतली हवा बाहेरच्याइतकीच गरम होती, पण तिला रंग होता, फिकट हिरवा. "ऑफिस?" त्यानं विचारलं.

"सोडलं. फेब्रुवारीत." तिनं पाय आखडून त्याला जागा केली. "कुणी काढलं नाही, भांडणबिंडण काही नाही. एका कॉलवर मी बोलत होते, आणि मलाच माझा आवाज ऐकू आला. इतका व्यवस्थित होता ना तो. मला वाटलं, ही कोण बाई आहे? त्याच आठवड्यात राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी त्यांनी केकही कापला."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होते. त्या संध्याकाळीच." ती थोडी हसली. "मग तुझ्याकडे बघितलं. तू पाणी पीत होतास. मला वाटलं, हा ग्लास खाली ठेवेपर्यंत माझी पुढची दोन वर्षं ठरवून टाकेल. कोर्स कुठला, ब्रेक किती, परत कुठे अप्लाय करायचं. आणि चांगलंच ठरवशील रे, तोच तर त्रास आहे. तुझं ठरवलेलं चुकत नाही, मग मला नाही म्हणायला जागाच राहत नाही."

कौस्तुभला पुष्कळ काही म्हणायचं होतं. त्यातलं बरंचसं वाक्यांच्या रूपात तयारही होतं. पण समोर काहीतरी चाललं होतं आणि त्याचं लक्ष तिकडे गेलं. लार्कस्परचे तुरे वाकत होते. वाऱ्यानं नाही, वारा नव्हताच. शेंडे आधी ढिले पडले, मग पानं, मग सगळं रोप कुणी दोरी सोडल्यासारखं कलत गेलं. हॉलिहॉकची मोठाली पानं तर केव्हाच दुमडून खोडाला चिकटली होती. बाग त्यानं रोज बघितली होती, पहाटे बघितली होती आणि दिवेलागणीला बघितली होती, आणि दोन्ही वेळा ती ताठ होती.

"पाणी," तो म्हणाला आणि उठायला लागला.

"बस." सायलीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "मीपण घातलं होतं पहिल्यांदा. दोन रोपं संध्याकाळपर्यंत मेली. उकडल्यासारखी झाली. मग सोडून दिलं. ती मरत नाहीत, नुसती मान टाकतात. तू येतोस तोवर उठलेली असतात."

"आणि चादर?"

"चादर माझ्यासाठी आहे," सायली म्हणाली. "मला ऊन लागत होतं. तुझ्या फुलांना सावली मिळाली ती आपोआप."

येताना गाडीत त्यानं एक गोष्ट रचली होती: बायको गुपचूप आपली बाग जपते आहे, आपल्यावरच्या मायेनं. ती गोष्ट त्याला आवडली होती. तिच्यावर रागावता आलं असतं आणि तिला क्षमाही करता आली असती. पण ही तर स्वतःसाठी बसली होती. बाग तिच्या सावलीच्या कडेला जगली होती, इतकंच. खिशात मोबाइल थरथरला. ग्रुपवर कुणीतरी रविवारच्या बोलण्यासाठी प्रश्न पाठवत होतं, मातीची आम्लता किती ठेवावी म्हणून. त्यानं लिहिलं, 'मला अजून नीट कळलेलं नाही. रविवारचं राहू द्या', आणि मोबाइल बंद केला. मग तोही भिंतीला टेकला. करण्यासारखं काही नसलं की हातांचं काय करतात, हे त्याला आठवेना. त्यानं ते मांडीवर ठेवले. दुपारला आवाज होते. टाकीत पाणी पडत होतं, कुठेतरी प्रेशर कुकर, कुठेतरी तेलुगू मालिकेतलं रडणं, आणि या सगळ्याच्या खाली एक बारीक घूं, जी एसींची असावी किंवा मधमाश्यांची. सायलीनं संत्रं सोललं आणि त्याला न विचारता अर्धं दिलं.

वारा आला तो अचानक. हवामानाच्या ॲपवर सकाळी नुसता सूर्य होता. पण पश्चिमेकडच्या टॉवरांच्या मागे आकाश मळकट पिवळं झालं, कुणाच्या तरी गॅलरीतली बादली गडगडली, आणि चादर शिडासारखी फुगून तिची सुतळी तुटली, चिमटे तटातट उडाले, आणि वरची हिरवी जाळी फाटून लोंबायला लागली. पहिली गार टाकीवर वाजली तेव्हा त्याला वाटलं कुणी दगड मारला. मग धडाधड सुरू झालं. कौस्तुभ उठला आणि चादरीची दोन टोकं धरून बागेवर झेपावला. "ते टोक धर!" तो ओरडला, आणि सायलीनं धरलं. दोघं दोन बाजूंना उभे, मधे ताणलेले पोपट, खाली रोपं, आणि डोक्यावर, खांद्यांवर, कानांवर गारा. लिंबाएवढी एक त्याच्या भुवईवर बसली. चादरीत गारा साठून तिला पोट सुटलं. सायली काहीतरी म्हणत होती. "काय?" "सोडतेय मी!" "थांब, दोन मिनिटं!" "लागतंय मला, कौस्तुभ!" आणि तिनं सोडली. धावत ती जिन्याच्या दारात गेली आणि तिथून वळून त्याच्याकडे बघत उभी राहिली. त्याच्या हातात दोन टोकं होती. दोन टोकांनी काहीही झाकता येत नाही, हे समजायला त्याला आणखी चार गारा लागल्या. त्यानंही सोडली. चादर कठड्यावरून उडाली आणि खाली उतरताना एकदा पूर्ण उघडली, मग दिसेनाशी झाली.

ते दारात अंग चोरून उभे राहिले आणि त्यांनी बघितलं. हॉलिहॉकचं खोड मधोमध मोडलं. निळे तुरे एकेक करून आडवे झाले, आणि त्यांच्यावर पांढरं काही साचत गेलं. कौस्तुभच्या भुवईतून रक्ताची बारीक धार आली होती. सायलीनं ओढणीच्या टोकानं ती दाबून धरली. तिचे हात थंडगार होते. तिचा श्वास जोरात चालला होता, आणि तो तिच्याकडे बघत होता, कारण ती घाबरलेली नव्हती. ती डोळे मोठे करून, तोंड किंचित उघडं ठेवून, सगळं बघून घेत होती. हा चेहरा आपण कधी बघितला आहे का, ते तो आठवू लागला आणि त्याला ते आठवलं नाही.

सुरू झालं तसं ते थांबलंही. पाठोपाठ ऊन पडलं, काहीच झालं नाही अशा थाटात. ते पाय सांभाळत टाकीमागे गेले. गारा चपलांखाली करकरत होत्या. सायली उकिडवी बसली आणि तिनं एक मोडका तुरा उचलला; त्याच्या खालच्या भागात, झडलेल्या फुलांच्या जागी, हिरव्या शेंगा धरल्या होत्या. "यात बी आहे का?"

"आहे. पण कच्चं. वाळू द्यावं लागेल." मग त्याच्या तोंडून गेलंच, "ऑक्टोबरमध्ये पेरू आपण."

"ऑक्टोबरमध्ये मी कुठे असेन, मला माहीत नाही."

खालून कुणीतरी हाका मारत होतं, गाड्यांचे अलार्म वाजत होते. "म्हणजे?" तो म्हणाला.

"म्हणजे माहीत नाही. इथेच असेन बहुतेक. तुझ्याबरोबरच." तिनं शेंग बोटांत फिरवली. "पण माहीत नाही असं म्हणून बघतेय मी सध्या. बरं वाटतं म्हणायला. तुला भीती वाटली?"

"हो," तो म्हणाला. हा शब्द इतक्या सरळपणे बाहेर पडला की त्याला स्वतःचंच नवल वाटलं. त्याच्यापुढे मोडलेली बाग पडली होती आणि तिची यादी करायला त्याचं मन पळालं नाही. ते तिथेच घुटमळत होतं, या बाईपाशी, जी आपल्या शेजारी ओल्या केसांनी बसली आहे आणि जिच्या दुपारींबद्दल आपल्याला काहीही ठाऊक नाही. तो तिच्याबद्दल काय विचारू शकतो? किती साधे प्रश्न राहून गेले असतील? "सायली," तो म्हणाला, "तुला फुलं आवडतात का गं?"

तिनं घाई केली नाही. आडव्या झालेल्या तुऱ्यांकडे तिनं नीट बघितलं, जसं काही उत्तर त्यांना लागणार होतं.

"नाही," ती म्हणाली. "फारशी नाही. मला दुपार आवडते."

कौस्तुभला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, आणि भुवई दुखायला लागली तरी थांबेना. सायलीही हसली. तो ऑफिसच्या पँटनिशी तिथेच, विरघळत्या गारांत बसला. जमिनीवरून वाफा निघत होत्या आणि मातीला कच्च्या, तुटलेल्या देठांचा वास येत होता.

"दुपारचं काय आवडतं?" त्यानं विचारलं.

सायली सरकली आणि तिनं त्याला टेकायला भिंत दिली. "सांगते," ती म्हणाली.